वीतभर भरती आणि शिल्लाची पुळण

आजचा भाग माझ्या एका चुकीपासून सुरू होतो.

मागे आपण ज्युलियस सीझरच्या ब्रिटनवरच्या पहिल्या स्वारीबद्दल बोललो होतो. इ.स.पू. ५५. सीझरची जहाजं ब्रिटनच्या किनाऱ्याला लागली आणि पौर्णिमेच्या उधाणाने ती आपटून फोडली, कारण पौर्णिमेला समुद्र इतका चढतो हे त्याच्या माणसांना माहीतच नव्हतं. हे सांगता सांगता मी अगदी बिनधास्त बोलून गेले, "त्यांना माहीत कसं असणार? भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नसतेच."

दोन दिवसांनी रत्नागिरीकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याच्या वडिलांची होडी आहे. त्याने लिहिलं होतं, "ताई, भाग आवडला. पण चंद्र काय फक्त आमच्या कोकणासाठी ठेवलाय का? तिकडच्या पाण्याला ओढत नाही?"

मी आधी हसले, मग जरा वरमले. कारण त्याचं बरोबर होतं. आणि उत्तर शोधायला बसले तर एका गावापाशी येऊन थांबले. त्या गावाचं नाव शिल्ला. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो ना, त्या बुटाच्या अगदी चवड्यावर, सिसिली बेटाच्या समोर, कड्यावर टांगल्यासारखं हे गाव आहे. मी तिथे गेलेले नाही. फोनवर नकाशा मोठा करून, उपग्रहाचे फोटो बघून आणि सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचं एक पत्र वाचून मी हा भाग तयार केलाय. तुम्हीही ऐकताना एकदा नकाशा उघडा, मजा येईल.

तर आधी भरतीचा हिशोब.

मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यातला फरक चार मीटरच्या वर जातो. म्हणजे एक मजला आणि वर थोडं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हाच फरक एक-दोन वितींचा असतो. व्हेनिसच्या बाजूला किंवा ट्युनिशियाच्या गाबेस आखातात तो जास्त असतो, पण ते अपवाद. कारण साधं आहे. हा समुद्र जवळजवळ बंद हौदासारखा आहे. महासागराशी त्याचा संबंध येतो तो जिब्राल्टरच्या चौदाएक किलोमीटरच्या फटीतून. महासागरातली भरती त्या फटीतून आत येईपर्यंत चंद्र पुढे निघून जातो, आणि आतल्या आत चंद्राने ओढून ओढून पाणी ओढणार किती? म्हणून रोमन माणूस किनाऱ्यावर उभा राहिला तर त्याला भरती दिसायचीच नाही. वाऱ्याने आलेली लाट आणि वीतभर चढलेलं पाणी यात फरक कसा करणार?

आता शिल्लाच्या समोरचं पाणी बघा. इटलीची मुख्य भूमी आणि सिसिली यांच्या मधली ही मेसिनाची सामुद्रधुनी. सगळ्यात अरुंद जागी ती जेमतेम तीन किलोमीटर आहे. उत्तरेला तिऱ्हेनियन समुद्र, दक्षिणेला आयोनियन समुद्र. गंमत अशी की या दोन समुद्रांच्या भरतीच्या वेळा एकमेकींच्या उलट आहेत. इकडे भरती तेव्हा तिकडे ओहोटी. इकडे पाणी वीतभर वर, तिकडे खाली. शिवाय सामुद्रधुनीच्या तळाशी एक उंबरठा आहे, त्यावर पाणी फक्त ऐंशीएक मीटर खोल. दक्षिणेकडे तोच तळ हजार मीटरच्या खाली जातो.

म्हणजे दोन प्रचंड हौद, मध्ये एक चिंचोळं दार, आणि दाराच्या दोन बाजूंना पातळीत वितीचा फरक. वीत म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तो फरक भरून काढायला अख्ख्या समुद्राचं पाणी त्या तीन किलोमीटरच्या दारातून धावतं. जोराच्या दिवशी हा प्रवाह सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो. आपण बागेत जॉगिंग करतो ना, जवळपास तो वेग. आणि दर सहाएक तासांनी तो दिशा बदलतो. थांबतो, घुटमळतो, आणि उलटा वाहायला लागतो. बदलताना आयोनियनचं थंड, जड पाणी आणि तिऱ्हेनियनचं हलकं पाणी एकमेकांत घुसतं. मग पाण्यावर सरळ रेषेत फेस उठतो, मध्येच तेल सांडल्यासारखे गुळगुळीत पट्टे दिसतात, आणि भोवरे फिरतात. भरती डोळ्यांना दिसत नाही, पण वल्ह्याला लागते.

हे भोवरे म्हणजे कॅरिब्डिस. ग्रीक कवी होमरच्या ओडिसीमध्ये ओडिसियसला याच जातीच्या एका चिंचोळ्या पाण्यातून जावं लागतं. एका बाजूला कड्यातल्या गुहेत सहा डोक्यांची राक्षसीण स्किला, दुसऱ्या बाजूला पाणी गिळणारी कॅरिब्डिस. सहा माणसं गमवायची की सगळं जहाज, एवढाच त्याच्यापुढचा पर्याय. पुढच्या ग्रीकांनी ठरवून टाकलं की ही जागा म्हणजे मेसिनाची सामुद्रधुनी, आणि स्किलाचा कडा म्हणजे शिल्लाचा खडक. गावाचं नाव तिच्यावरूनच आलं.

होमर म्हणतो, कॅरिब्डिस दिवसातून तीनदा पाणी गिळते. यावरून पुढे शेकडो वर्षं विद्वानांची डोकेफोड चालली. कारण तिथल्या कुणाही खलाशाला विचारलं तर तो दोनदाच म्हणणार. कुणी म्हणे नक्कल करणाऱ्याची चूक, कुणी म्हणे होमरलाच ठाऊक नव्हतं. पण यावर सगळ्यात छान बोलला तो एराटोस्थेनिस. नाव ऐकल्यासारखं वाटतंय? काठीच्या सावलीवरून पृथ्वीचा परीघ मोजणारा, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा तोच.

त्याने नोंदवलं की मेसिनाचा प्रवाह दिवस-रात्रीत दोनदा फिरतो, महासागराच्या भरती-ओहोटीसारखाच. चंद्र उगवताना आणि मावळताना एक प्रवाह सुरू होतो, चंद्र माथ्यावर आला की थांबतो, मग दुसरा सुरू होतो. तिऱ्हेनियनकडून दक्षिणेला जाणाऱ्या प्रवाहाला तिथले लोक 'उतरणारा' म्हणतात, असंही त्याने लिहिलं. आणि कारणही दिलं: दोन बाजूंच्या समुद्रांची पातळी सारखी नसते.

त्याचं मूळ पुस्तक हरवलंय. हे आपल्याला कळतं ते दोनशे वर्षांनी आलेल्या स्ट्रॅबो नावाच्या भूगोलकाराकडून. आणि स्ट्रॅबोने हे का सांगितलं? तर एराटोस्थेनिसची खोड काढायला! त्याचं म्हणणं, हा माणूस गणिती म्हणवतो आणि पाण्याला उतार असतो म्हणतो? आर्किमिडीजने सिद्ध केलंय की स्थिर पाण्याचा पृष्ठभाग गोलाचा भाग असतो. एकमेकांना जोडलेले दोन समुद्र वरखाली असतीलच कसे?

मला हा वाद फार आवडतो, कारण स्ट्रॅबोचा मुद्दा वर्गात पूर्ण मार्क मिळवेल असा आहे. पाणी स्थिर असतं तर तोच बरोबर ठरला असता. पण ते स्थिर नाही. चंद्र त्याला उसंतच देत नाही. एराटोस्थेनिस जिंकला, आणि जिंकला तो वीतभराने. १९२०च्या दशकात फ्रान्चेस्को व्हेर्चेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने जहाज घेऊन, उपकरणं पाण्यात सोडून ही सगळी मोजदाद केली, तेव्हा आकडे आले. पण खलाशांना ते आधीच ठाऊक होतं. आजही तिथले मच्छीमार प्रवाहाला 'रेमा' म्हणतात. हा प्रवाह या अर्थाचा जुना ग्रीक शब्द. आणि दक्षिणेला जाणाऱ्या प्रवाहाला म्हणतात 'रेमा शेंदेंते'. शेंदेंते म्हणजे काय? उतरणारा. बावीसशे वर्षांत भाषा बदलली, राज्यं बदलली, प्रवाहाचं नाव तेच राहिलं.

हा प्रवाह फक्त त्रास देत नव्हता बरं का, पोटही भरत होता. दक्षिणेकडचं खोल पाणी त्या उंबरठ्यावर चढतं तेव्हा तळचं सगळं वर येतं. अंधाऱ्या समुद्रात राहणारे, अंगावर दिवे असलेले विचित्र मासे मेसिनाच्या किनाऱ्यावर पडलेले सापडतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातले प्राणिशास्त्रज्ञ त्यासाठी इथे मुक्काम ठोकायचे. ईल मासा म्हणजे आपल्याकडच्या वाम माशासारखा लांबलचक. त्याची पिल्लं कशी दिसतात हे कोणालाच माहीत नव्हतं. ते कोडं १८९०च्या दशकात ग्रास्सी आणि कालांद्रुच्चो या दोघांनी इथेच सोडवलं, कारण खोल पाण्यातली ती काचेसारखी पारदर्शक पिल्लं इथे प्रवाहाने वर येत होती.

पण शिल्लाचा खरा मासा म्हणजे तलवार मासा. उन्हाळ्यात तो या सामुद्रधुनीतून जातो. त्याच्या शिकारीचं वर्णन पॉलिबियस या इतिहासकाराने इ.स.पू. दुसऱ्या शतकात केलंय, आणि ते इतकं बारीक आहे की वाचताना वाटतं हा माणूस होडीत बसला असणार. बऱ्याच छोट्या होड्या दबा धरून असतात, प्रत्येकीत दोनच माणसं. एक वल्हवतो, दुसरा नाळेवर भाला घेऊन उभा. या सगळ्या होड्यांना मिळून टेहळ्या मात्र एकच. तो मासा दिसला की खूण करतो. भाला मारला की टोक माशात राहतं आणि दांडा सुटून येतो. टोकाला लांब दोरी, मासा दमेपर्यंत सोडत राहायची. भाल्याचा दांडा ओक आणि पाइन अशा दोन लाकडांचा, म्हणजे पाण्यात पडला तरी जड बाजू खाली जाते आणि हलकी बाजू वर उभी राहते, सापडायला सोपं. आणि कधीकधी माशाची तलवार होडीच्या फळीतून आरपार येऊन वल्हवणाऱ्यालाच लागते!

तो टेहळ्या लक्षात ठेवा. पुढे शतकानुशतकं ही पद्धत चालू राहिली. सिसिलीच्या बाजूला किनारा सपाट, म्हणून त्यांना उंच डोलकाठीची होडी नांगरून तिच्या टोकावर माणूस बसवावा लागायचा. शिल्लाच्या बाजूला त्याची गरजच नव्हती. डोंगर सरळ पाण्यात उतरतो. कड्यावर माणूस बसवला की खालचं पाणी तळहातासारखं दिसतं. तो वरून ओरडायचा, डावीकडे, उजवीकडे, पुढे, आणि खाली होडी वळायची. या गावाला चढणीचा फायदा असा होता.

चढणीचा तोटा काय, ते आता येतंय. इथून पुढचा भाग जड आहे. बसमध्ये ऐकत असाल तर सांगून ठेवते.

शिल्लाची रचना अशी आहे. मध्ये समुद्रात घुसलेला एक खडक, त्यावर रुफ्फो घराण्याचा किल्ला. खडकाच्या एका बाजूला कियानालेआ ही मच्छीमारांची आळी, तिथे घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. वर डोंगराच्या टप्प्यावर सान जॉर्जो हा वरचा भाग. आणि खडकाच्या दुसऱ्या बाजूला मरिना ग्रांदे, म्हणजे मोठी पुळण. या पुळणीच्या एका टोकाला किल्ल्याचा खडक, दुसऱ्या टोकाला उंच डोंगर. सगळ्या गावात मोकळी, सपाट म्हणावी अशी जागा एवढीच.

५ फेब्रुवारी १७८३. दुपारी जेवणाच्या वेळेला कालाब्रियात प्रचंड भूकंप झाला. कालाब्रिया म्हणजे बुटाच्या चवड्याचा हा सगळा प्रांत, तेव्हा तो नेपल्सच्या राज्यात होता. एका धक्क्यात गावंच्या गावं पडली. पुढच्या दोन महिन्यांत असे मोठे पाच धक्के बसणार होते आणि एकूण तीस हजारांहून जास्त माणसं मरणार होती. पण हे त्या दुपारी कोणाला ठाऊक असणार?

शिल्लात घरं कोसळली, किल्ल्याला तडे गेले. जमीन हलायची थांबत नव्हती. गावाजवळचा एक कडा सुटून समुद्रात पडला. शिल्लाचा राजपुत्र, आपल्या भाषेत जहागीरदार म्हणा, म्हातारा होता. त्याला वाटलं, तो कडा पडला तर उद्या माझ्या किल्ल्याचा खडकही पडेल. त्याने होड्या तयार ठेवायला सांगितल्या, चीजवस्तू त्यात भरली आणि तो खाली पुळणीवर आला. गावही आलं. बायका, मुलं, म्हातारे, अंथरुणं, देवाच्या मूर्ती, जे हाताला लागलं ते घेऊन लोक वाळूवर आले.

इथे एक मिनिट थांबूया. आज फोनवर हे ऐकताना आपण लगेच म्हणतो, अरे, भूकंपानंतर समुद्राकडे कशाला गेले? आपल्याला २००४ची सुनामी माहीत आहे, तो शब्द माहीत आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. डोक्यावर छप्पर असलेली प्रत्येक जागा म्हणजे मरण. वर जायच्या वाटा म्हणजे दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना तडकलेल्या भिंती. डोंगराचे दगड सुटतायत. शेतं म्हणजे कड्यावर रचलेले बांध, तेही ढासळणारे. फेब्रुवारीची थंडी, अंधार पडत चाललेला. आणि खाली मोकळी वाळू, जिथे डोक्यावर पडायला काहीच नाही. समोर असा समुद्र, ज्याची प्रत्येक खोड या लोकांना बापजाद्यांपासून ठाऊक होती. कधी वळतो, कधी फेसाळतो, कुठला वारा आला की होडी काढायची नाही. आणि त्या रात्री समुद्र शांत होता. अगदी संथ. त्यांनी घेतलेला निर्णय मूर्खपणाचा नव्हता. त्यांच्या हातात जेवढी माहिती होती, तेवढ्यावर मीही मुलाबाळांना घेऊन त्याच पुळणीवर गेले असते.

मध्यरात्रीनंतर दुसरा मोठा धक्का बसला. पुळणीच्या पश्चिमेकडच्या डोंगराचा प्रचंड भाग सुटला आणि दरड थेट समुद्रात कोसळली. कोकणात, सह्याद्रीत दरड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण इथे दरडीखाली रस्ता किंवा वाडी नव्हती, पाणी होतं. एवढा डोंगर पाण्यात शिरला की तेवढं पाणी कुठेतरी जाणारच. ते सामुद्रधुनीपलीकडे सिसिलीच्या टोकावर जाऊन आदळलं, तिथेही माणसं गेली. आणि ते पुळणीवर आलं. दोन टोकांना दोन खडक, मागे घरं. पाण्यालाही बाहेर पडायला जागा नव्हती आणि माणसांनाही. पहिली लाट सगळ्यात मोठी. तिच्यातून जे उरले त्यांच्यावर लगेच दुसरी, मग तिसरी. होड्या, पेट्या, तुळया, दगड आणि माणसं, सगळं एकत्र घुसळलं गेलं. म्हातारा राजपुत्रही गेला.

आजचे अभ्यासक मृतांचा आकडा साधारण दीड हजार मानतात. त्या काळच्या एका पत्रात तो अडीच हजारांच्या घरात आहे. छोट्या गावाच्या मानाने दोन्ही आकडे सारखेच भयंकर.

हेच ते पत्र, ज्याबद्दल मी सुरुवातीला बोलले. ते लिहिणारा विल्यम हॅमिल्टन हा नेपल्सच्या दरबारातला ब्रिटिश वकील. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, पेशवाईत राजदूताला म्हणत तो. या माणसाला ज्वालामुखीचं वेड. व्हेसुव्हियसवर किती वेळा चढला असेल याला गणती नाही, त्यावर चित्रांसकट जाडजूड पुस्तक काढलेलं. भूकंपानंतर तीनेक महिन्यांनी, मे १७८३मध्ये, तो होडीने कालाब्रियाच्या किनाऱ्याला गेला, गावोगाव उतरला, लोकांशी बोलला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला सगळं कळवलं.

तोपर्यंत नेपल्समध्ये एक गोष्ट सर्वतोमुखी झाली होती. शिल्लाची लाट उकळत्या पाण्याची होती म्हणे. मढी शिजल्यासारखी निघाली, वाचलेले भाजलेले होते. समुद्राच्या तळाशी आग पेटली असणार. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, पण फॉरवर्ड होते.

आता विचार करा, ही अफवा हॅमिल्टनच्या किती सोयीची होती. ज्वालामुखी हा त्याचा लाडका विषय, समुद्राखालची आग ही त्याच्या मनासारखी गोष्ट. पण तो शिल्लात जाऊन वाचलेल्या माणसांना विचारतो. एक जण त्याला तळघराचं तुटलेलं दार दाखवतो: माझं डोकं या दारातून आरपार गेलं. दुसरा सांगतो, मला पाण्याने एका पिंपात कोंबलं. एक आई आपलं मूल दाखवते, दगड-लाकडांच्या माराने अंगभर जखमा झालेलं. आणि हे सगळे एकमुखाने सांगतात की पाणी गरम अजिबात नव्हतं. हॅमिल्टन ते तसंच लिहून टाकतो. वर असंही म्हणतो की तुम्हाला उकळत्या पाण्याच्या खात्रीलायक हकिकती वाचायला मिळतीलच, सत्यापर्यंत पोचणं इतकं अवघड आहे. लाटेचं कारण त्याने डोंगर पडणं हेच दिलं. आग नाही, चंद्र नाही, वारा नाही. डोंगर.

मला त्या पिंपातल्या माणसाचं नाव माहीत नाही. पत्रात ते नाही. पण अफवेपेक्षा त्याचा शब्द टिकला याचं मला बरं वाटतं.

पुढच्या वर्षी, १७८४मध्ये, नेपल्सच्या शास्त्र-अकादमीचा मोठा अहवाल आला, चित्रकार बरोबर नेऊन काढलेल्या चित्रांसकट. सरकारने घरं बांधायची नवी पद्धत आणली, दगडी भिंतीच्या आत लाकडाचा सांगाडा, म्हणजे हादरा बसला तरी भिंत एकदम कोसळू नये. त्या काळाच्या मानाने फार पुढची गोष्ट. डोंगरासाठी मात्र कोणाकडे पद्धत नव्हती.

आपल्या काळात संशोधकांनी जहाजावरून ध्वनिलहरी सोडून शिल्लासमोरचा समुद्रतळ तपासला. वर डोंगराला पडलेली खाच आहे, आणि तिच्या बरोबर खाली पाण्याच्या तळाशी खडकांचा ढिगारा पसरलाय. एवढ्या वर्षांनंतरही तो तिथेच आहे. सहा-सहा तासांनी वरून रेमा जातो, उलटा येतो, पण त्या ढिगाऱ्याला तो काय हलवणार.

हे वाचताना मला सारखा तो कड्यावरचा टेहळ्या आठवत होता. शिल्लाची माणसं शतकानुशतकं डोंगरावर बसून समुद्राकडे बघत आली. सगळं लक्ष पाण्याकडे. मासा पाण्यात, प्रवाह पाण्यात, चाचे आले तर पाण्यातून. ज्यावर बसलोय त्याच्याकडे कोण बघतं? आणि बघितलं असतं तरी त्या एका रात्री दुसरीकडे कुठे गेले असते, या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. नकाशा कितीही मोठा केला तरी तिथे दुसरं मोकळं मैदान सापडत नाही.

त्यानंतर २८ डिसेंबर १९०८ला, पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी, मेसिनाचा भूकंप झाला. मेसिना आणि रेज्जिओ ही शहरं जवळजवळ पुसली गेली आणि मागोमाग सुनामीही आली. त्या भूकंपावर वेगळा भाग करावा लागेल, इथे घुसडत नाही.

आज शिल्लाच्या पुळणीवर उन्हाळ्यात रंगीत छत्र्या लागतात. कियानालेआच्या घरांच्या पायऱ्या अजून पाण्यातच उतरतात. तलवार माशाच्या होड्याही आहेत, आता इंजिनाच्या, पण मध्ये पोलादी डोलकाठी इतकी उंच की वर बसलेला माणूस फोटोत ठिपक्याएवढा दिसतो. टेहळ्या कड्यावरून डोलकाठीवर आला, इतकंच. आणि इटलीच्या नौदलाची जलसर्वेक्षण संस्था दरवर्षी भरती-ओहोटीचं कोष्टक छापते, त्यात मेसिनाच्या प्रवाहाचं स्वतंत्र कोष्टक असतं. कोणत्या दिवशी, किती वाजता प्रवाह थांबेल, किती वाजता उलटा फिरेल, जोर किती असेल. एराटोस्थेनिसने चंद्राकडे बघून जे सांगितलं, तेच तासा-मिनिटांत.

तर रत्नागिरीच्या दादा, चंद्र तिकडच्या पाण्यालाही ओढतो. वीतभरच ओढतो, पण ओढतो. सीझरच्या भागाखाली मी दुरुस्ती लिहून ठेवली आहे. आणि तुझ्या बाबांना माझा एक प्रश्न विचार: भरती संपून ओहोटी लागताना खाडीच्या तोंडाशी पाणी थांबतं, घुटमळतं, त्या वेळेला तुमच्याकडे काय शब्द आहे? मला कोणी सांगितलेला नाही अजून. कळला की पुढच्या भागात सगळ्यांना सांगते.